उपवासानंतरचे केस आणि वाटीभर लेप



दिवाळीचा फराळ संपत आला की मला ठरलेला प्रश्न यायला लागतो. "अक्का, केस फार गळतायत, घरातलं काहीतरी सांगा." विचारणाऱ्यांपैकी निम्म्या जणींनी भाद्रपदात दशलक्षणाचे उपवास केलेले असतात. हा योगायोग नाही. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा एकदम तुटलेलं खाणं, असा ताण शरीरावर आला की नेहमीपेक्षा जास्त केस एकदमच वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळून पडतात. भाद्रपदातला ताण कार्तिक-मार्गशीर्षात कंगव्यात दिसतो. तोवर आपण उपवास विसरलेलो असतो आणि दोष शांपूला देतो.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेने पहिल्यांदाच सलग दहा उपवास केले. पारण्याला सगळं घर तिच्या कौतुकात होतं. डिसेंबरात मात्र न्हाणीची जाळी रोज तुंबायला लागली. तिचे केस कमरेपर्यंत, जाड. वेणी बघता बघता अर्धी झाली. ती कुणाला काही बोलली नाही. एक दिवस तिच्या कपाटात मला कांद्याच्या तेलाची बाटली दिसली. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अक्का, मी पुढच्या वर्षी उपवास करणार नाही. आणि हे तेल आईंना सांगू नका."

आता बघा, केसांचा कुठलाही घरगुती उपाय उघडा, तीन वस्तू हमखास असतात: अंडं, मध आणि कांद्याचा रस. तिन्ही आपल्या घरात येत नाहीत. खायचं नाही, नुसतं लावायचं आहे, मग काय बिघडलं, असं जाऊ म्हणाली. प्रश्न रास्त आहे. पण कांदा आपण वासासाठी सोडलेला नाही. कंद उपटताना जी हिंसा होते तिच्यासाठी सोडला आहे, आणि ती तोंडात जाण्याआधीच झालेली असते. मधाचंही तेच. माझं मत हे. तरी मी तिची बाटली टाकली नाही, तिची तिने ठरवावी म्हणून. हा प्रश्न चातुर्मासाला आलेल्या माताजींना विचारू, असंही तिने सुचवलं. ज्या स्वतःच्या हाताने केशलोच करतात त्यांना केस वाढवायचं तेल विचारायचं! आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो, आणि त्या हसण्यानेच ती जरा मोकळी झाली.

कांद्याची कीर्ती कुठून आली तेही सांगते. २००२ साली एक छोटा अभ्यास छापून आला होता, त्यात कांद्याचा रस लावून काही जणांना फायदा झाला. पण ते रुग्ण चाईचे होते, म्हणजे डोक्यावर गोल चकती पडते त्या आजाराचे. उपवासानंतरची गळती ही वेगळी गोष्ट. अंड्याचंही फार मनावर घेऊ नका. त्यातलं प्रथिन आकाराने इतकं मोठं असतं की केसाच्या आत शिरत नाही. वरून गुळगुळीत वाटतं, इतकंच.

तो गुळगुळीतपणा हवाच असेल तर जवस आहे. चटणीचंच जवस. दोन मोठे चमचे निवडून घ्यायचे, दोन कप गाळलेल्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळायचे, सारखं ढवळत राहायचं. पाणी पांढऱ्या सायीसारखं ओघळायला लागलं की गॅस बंद, आणि लगेच, गरम असतानाच, पातळ फडक्यातून गाळायचं. थंड झालं की ते चिकट होऊन फडक्यातून उतरतच नाही. लावायचं मात्र निवल्यावर. मी कोरफड वापरत नाही, कारण अनंतकायाच्या यादीत तिचं नाव आहे; तिची जागा आमच्याकडे जवसाने घेतली. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवत नाही, म्हणून करतानाच थोडं करते.

मेथीचा लेप सगळ्यांना माहीत आहे, दह्यात वाटलेला. इथे आमच्या घरात थोडा वाद आहे. मेथीदाणा फोडला की दोन दळं होतात, म्हणजे कच्च्या दह्याबरोबर द्विदल झालं. सासूबाई म्हणतात, द्विदलाचा नियम जिभेचा, डोक्याचा नाही. मी तरी दोन्ही एकत्र करत नाही. दोन चमचे मेथी सकाळी सातला भिजत घालते, रात्रभर नाही. दुपारी नारळाच्या दुधात वाटते. अर्धा तास ठेवायचा, मग कोमट पाण्याने धुवायचा. दही लावायचं तर एकटं, त्याच दिवशीचं, वीस मिनिटं. केळं कुणी सुचवलं तर मला आधी विचारा. त्याचे कण केसांतून काढताना जितके केस तुटतात तितके गळतीनेही जात नाहीत.

शिकेकाई, रिठा आणि वाळका आवळा उकळून धुण्याची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे, फक्त पावसाळ्यात शेंगा एकेक फोडून बघा, आत जाळी-किडे असतात. रिठ्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

तेलात मला भरवसा आहे तो साध्या खोबरेलावर. २००३ साली छापून आलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातलं प्रथिन धुऊन जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलाने. धुण्याच्या आदल्या रात्री नाहीतर दोन तास आधी, केसांच्या टोकांपर्यंत लावायचं. कढीपत्ता घातला तर वास छान येतो.

पण यातलं काहीही गळती थांबवत नाही. लेप केस मऊ करतो, गुंता कमी करतो, त्यामुळे तुटणं कमी होतं. मुळापासून सुटलेला केस वाटीतल्या लेपाने परत बसत नाही. हे मी जावेला सांगितलं आणि तिला सांगलीला डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, शरीरातला लोहाचा साठाही फार कमी. थायरॉइड आणि बी-१२ ठीक होतं. म्हणजे उपवासाने धक्का दिला खरा, पण घर आधीच रिकामं होतं. दर महिन्याला जास्त अंगावर जातं हे तिने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे किती जणी सांगतात?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवणाबरोबरचा चहा बंद केला, चहाने लोह नीट शोषलं जात नाही म्हणून. मी नारळाच्या पाण्यात हळीव भिजवून, ओलं खोबरं आणि गूळ घालून लाडू करायला घेतले. वरणावर लिंबू पिळायला लागलो.

सासूबाईंना शेवटी सगळं कळलंच, तेलाच्या बाटलीसकट. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या जावेच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, "पोरी, शक्ती बघून तप करावं असंच सांगितलंय. यंदा एकासन कर." ती काही बोलली नाही. तिला दहाच करायचे होते, आणि आता भीतीही वाटते, दोन्ही तिच्या तोंडावर दिसत होतं.

तिच्या कपाळाच्या कडेला आता बोटभर नवे केस उभे राहिलेत, तेल लावलं तरी बसत नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पूर्वीसारखी व्हायला वर्षं लागतील. हिमोग्लोबिन ११ वर आलंय. पुढची तपासणी आषाढात आहे. भाद्रपदाचं त्यानंतर ठरेल.