भित्र्या माणसाची वाट

आमच्या मंडळीत माणूस गेलं की कबरस्तानात पाळक हमखास प्रवासाचं बोलतात. बहिणीनं धाव संपवली, ती पैलतीरी पोचली. हे बोलणं आजकालचं नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पहिले ख्रिस्ती लोक त्या मार्गाचे लोक म्हणूनच ओळखले जातात, आणि अब्राहाम तर पंचाहत्तराव्या वर्षी नातलग सोडून निघाला होता. मराठीत १८४१ मध्येच हरि केशवजींनी जॉन बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चं 'यात्रिक क्रमण' केलं. पाठीवर ओझं, हातात पुस्तक, आणि बायकापोरं हाका मारत असताना कानांत बोटं घालून पळत सुटलेला त्यातला यात्रेकरू आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. वडील रात्री जेवणं झाली की मोठ्यानं वाचायचे.

आईला तो माणूस कधी पटला नाही. "लेकरं टाकून कोण जातं?" एवढं म्हणून ती उष्टी भांडी उचलायची.

आई गेली तेव्हाही पाळक धाव संपल्याचं बोलले. मनापासून बोलले, त्यांचं काही चुकलं नाही. पण मी आईला त्या वाटेवर धावताना कधी पाहिलंच नव्हतं. ती भीत भीत चालली.

कष्टाला ती भ्यायली नाही. १९७२च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या विहिरी तळाला गेल्या तेव्हा ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. हाताला फोड आले की चिंधी गुंडाळायची आणि पुन्हा हातोडी उचलायची. पाणवठ्यावर कुणी टाकून बोललं तर तिथल्या तिथे उत्तर द्यायची. वडिलांमागे आम्हा भावंडांची शिक्षणं तिनंच पार पाडली. तिची धास्ती एकच होती, देव आपल्याला घेईल का. प्रभुभोजनाच्या रविवारी ती शेवटच्या रांगेत बसायची. भाकरीचं ताट समोर आलं की उजवा हात पदराला पुसायची, पुढे करायची, मागे घ्यायची, पुन्हा पुसायची. ताट धरणारा थांबून राहायचा. कधी ती तुकडा घ्यायची, कधी ताट तसंच पुढे जाऊ द्यायची, आणि मग दिवसभर फारसं बोलायची नाही. चुलीशी फुंकणी फुंकताना, एसटीची वाट पाहताना, मध्येच विचारायची, "मला घेतील का रे वर?" घेतील की, असं मी म्हणायचो. त्यानं तिचं समाधान होत नसे.

पुढे कधीतरी बन्यनचा दुसरा भाग इंग्रजीतून माझ्या हाती लागला. पहिला १६७८चा, दुसरा १६८४चा. दुसऱ्यात मागे राहिलेली बायको, क्रिस्तियाना, मुलांना घेऊन त्याच वाटेनं निघते. सोबत शेजारची पोर आहे, ग्रेटहार्ट नावाचा वाटाड्या आहे, पुढे म्हातारे आणि पांगळेही येऊन मिळतात. नगरच्या माणसाला इथे लक्ष्मीबाई टिळक आठवणारच. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांत त्यांनी काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'त आहे. नवरा पोचला म्हणून बायको पोचत नाही, तिला आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेनं यावं लागतं.

या दुसऱ्या भागात वाटाड्या एका जुन्या यात्रेकरूची हकिकत सांगतो. त्याचं नाव फियरिंग, म्हणजे भित्राच. निराशेच्या दलदलीच्या काठी तो महिन्याहून अधिक काळ रडत पडून राहिला. दारापर्यंत आला तरी ठोठवायचा धीर होईना, इतरांना पुढे जाऊ देत उभा राहिला. पण अवघड चढणीला तो कचरला नाही, सिंहांना भ्यायला नाही. नम्रतेच्या खोऱ्यात तर इतका सुखावला की जमिनीवर आडवा होऊन तिथल्या फुलांचे मुके घेऊ लागला. बाजारात टवाळ लोकांशी दोन हात करायला निघाला. त्याची भीती एकाच गोष्टीची होती, शेवटी आपल्याला आत घेतील की नाही. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पदराला पुसलेला तो हात आला आणि मला पुढचं वाचवेना.

हा माणूस बन्यनला कुठे भेटला असेल याचा मला फार शोध घ्यावा लागला नाही. बन्यन भांडी दुरुस्त करणारा कारागीर. परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बेडफर्डच्या तुरुंगात त्यानं बारा वर्षं काढली. देवानं आपल्याला टाकलंय या भयानं तो तरुणपणी वर्षानुवर्षं पोळत होता, ते त्यानं १६६६च्या आत्मकथनात लिहून ठेवलंय. म्हणून तो भित्र्याला हसत नाही. फियरिंग नदीकाठी येतो तेव्हा पुन्हा घाबरतो, आता बुडणार म्हणतो. आणि त्या दिवशी नदीला इतकं कमी पाणी असतं की वाटाड्यानं तेवढं कमी कधी पाहिलेलं नाही. तो जेमतेम पावलं भिजवून पार होतो.

आई घरीच गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं तो प्रश्न विचारला नाही. मीच वाट पाहत होतो, आज विचारील, आता विचारील. शेवटच्या संध्याकाळी तिनं विचारलं ते नळाला पाणी आलं का म्हणून. आलंय, सगळं भरून ठेवलंय, असं बहीण म्हणाली. "बरं झालं," म्हणाली आणि कूस बदलून झोपली. पहाटे श्वास थांबलेला होता.

फियरिंगचं ते पान तिला वाचून दाखवायचं राहिलं, याची हळहळ अजून जात नाही. ते ऐकलं असतं तर वडिलांच्या पुस्तकावरचा तिचा राग गेला असता, आणि प्रभुभोजनाचं ताटही कदाचित इतक्या वेळा तसंच पुढे गेलं नसतं.

आमच्या सभांत साक्ष द्यायला उभे राहतात ते खात्री असलेले लोक. ज्यांची खात्री नाही ते मागच्या रांगेत गप्प बसतात, आणि त्यांचा विश्वास कच्चा असं आपण मनात धरून चालतो. मला ते साफ नामंजूर आहे. इतकी वर्षं इतक्या धास्तीनिशी माझ्या आईनं वाट सोडली नाही, याहून पक्का विश्वास मी पाहिलेला नाही. पाळकांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या सांत्वनसभेत धावणाऱ्यांबद्दल जरूर बोला, पण त्या भित्र्या यात्रेकरूची गोष्टही सांगा, आणि ती मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगा.