नील, निळा आणि नीळ

मराठी काव्यसमीक्षेत 'निळा' हा शब्द आला की त्याच्या पाठोपाठ 'अनंत', 'गूढ', 'चिरंतन' ही विशेषणे ठरल्यासारखी येतात. ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगांतील निळाई असो, की जी. ए. कुलकर्णी यांच्या 'निळासावळा' (१९५९) ह्या संग्रहाचे शीर्षक असो, आकाशाकडे बोट दाखवले की रंगाचा अर्थ लागला असे मानले जाते. शब्दाचा इतिहास पाहू गेल्यास ह्या संकेताला फारसा आधार सापडत नाही. आकाश हे ह्या शब्दाला तुलनेने उशिरा मिळालेले बिऱ्हाड आहे.

मराठीत एकाच मुळाची तीन रूपे नांदतात. तत्सम 'नील' समासांत राहतो : नीलकंठ, नीलमणी, नीलकमल. त्याचा वावर देवघरात आणि कवितेत. 'निळा' हे नित्याच्या वापरातले विशेषण. 'नीळ' हे स्त्रीलिंगी नाम मात्र वस्तूचे आहे : झाडाचे, त्या झाडापासून निघणाऱ्या रंगाचे आणि पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात देतात त्या पुडीचेही. समीक्षा पहिल्या दोन रूपांविषयी बोलते. तिसरे परिटाच्या हवाली करून ती मोकळी होते.

संस्कृतात 'नील' म्हणजे मुख्यतः गडद. अमरकोशाने हा शब्द कृष्ण, असित, श्याम, काल ह्यांच्या पंक्तीला, म्हणजे काळ्याच्या पर्यायांत बसवला आहे. यजुर्वेदातील शतरुद्रियात रुद्र 'नीलग्रीव' आहे. तेथे मानेची ही निळाई प्रसन्न नाही. मराठीने ही जुनी जवळीक 'काळानिळा' ह्या शब्दात जपली आहे. माराने किंवा विषाने काळेनिळे पडलेल्या अंगाशी अनंताचा काही संबंध नसतो. लाझारुस गायगर ह्या जर्मन भाषाभ्यासकाने १८६७ साली वेदांविषयी असे निरीक्षण नोंदवले होते की, उषा आणि आकाश ह्यांनी भरलेल्या ह्या सूक्तांत आकाश निळे असल्याचा उल्लेख नाही. त्याआधी १८५८ मध्ये ग्लॅडस्टनने होमरविषयी असेच म्हटले होते आणि त्यावरून प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच अपुरी असल्याचे अनुमान काढले होते. हे अनुमान आता कोणी मान्य करीत नाही. शब्द नसणे म्हणजे न दिसणे नव्हे. ज्या रंगावाचून व्यवहार अडत नाही, त्याला स्वतंत्र नाव देण्याची निकड भाषेला भासत नाही, एवढेच. निकड भासते ती रंग विकत घ्यावा लागतो तेव्हा.

व्याकरणाने हे फार पूर्वी हेरले होते. अमुक रंगाने रंगवलेले ते अमुक, ह्या अर्थाच्या पाणिनीय प्रकरणात वार्तिककारांनी 'नीली'साठी वेगळी सोय केली आहे : नीली ह्या वनस्पतीने रंगवलेले वस्त्र ते 'नील'. येथे विशेषण रांजणातून बाहेर येते. आणि त्या रांजणाला वास होता. पाने पाण्यात कुजवायची, ते पाणी हौदात उतरून घुसळायचे, तळाशी बसलेला गाळ दाबून, वाळवून त्याच्या वड्या पाडायच्या. मराठीत ह्या झाडाला गुळी म्हणतात. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मणाने जे विकू नये त्यात मद्य आणि लाख ह्यांच्या जोडीला नीळही आहे. पंचतंत्रातला कोल्हा राजा होतो तो ह्याच भांड्यात पडून. ती गोष्ट सोंगाची म्हणून सांगितली जाते. पण जंगलातील कोणत्याही प्राण्याच्या अंगावर नसलेला रंग रंगाऱ्याच्या घरी मात्र असतो, हे तिचे गृहीत अधिक लक्षणीय आहे. निळीने कापड रंगवणाऱ्यांची महाराष्ट्रात जातच होती : निळारी, किंवा वर्णांची अदलाबदल होऊन निराळी. देवाचा नील आणि निराळ्याची नीळ ह्यांच्यातील हे अंतर भाषेने नव्हे, समाजव्यवस्थेने पाडलेले आहे.

शब्द परदेशी गेला तो वस्तूचे नाव म्हणून. ग्रीकांनी ह्या द्रव्याला 'इंडिकॉन', म्हणजे हिंदुस्थानचे, म्हटले. 'इंडिगो' त्यातूनच आला. घेणाऱ्याने मालाला गावाचे नाव दिले. जेथे माल आणि नाव दोन्ही एकत्र गेली तेथे 'नील' टिकला : फारसीत नील, अरबीत 'अन्-नील'. (अरबीत ईजिप्तची नदीही ह्याच अक्षरांनी लिहितात, त्या साम्यावरून व्युत्पत्ती रचण्याचा मोह आवरावा.) फारसीतील 'निळसर' अर्थाच्या शब्दातून फिरत फिरत इंग्रजीचा 'लायलॅक' झाला. थाई भाषेत मात्र तोच शब्द 'निन्' होऊन काळ्या रत्नाला आणि काळेपणाला लागला. अमरकोशाचा अर्थ तेथे जिवंत राहिला.

अरबीतले उपपद पोटात घेऊन हा शब्द पोर्तुगीजांत 'अनिल' झाला. १८४० च्या सुमारास फ्रिट्झशे ह्या रसायनशास्त्रज्ञाने निळीपासून एक तेलकट द्रव मिळवला आणि त्याला ह्या 'अनिल'वरून 'अनिलिन' हे नाव दिले. १८६५ साली जर्मनीत स्थापन झालेल्या 'बाडिशे अनिलिन उंड सोडा फाब्रिक' ह्या कारखान्याच्या नावात ते जाऊन बसले. ह्याच कारखान्याने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातील निळीचा धंदा पुढल्या दोन दशकांत कोसळला. 'नीली'चेच नाव धारण करून आलेल्या कारखान्याने नीलीचे शेत मोडले, असा प्रवास फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आला असेल.

अर्थात ते शेत सुखाचे नव्हते. बंगालमध्ये १८५९-६० साली रयतेने नीळ पेरण्यास नकार दिला. १८६० मध्ये दीनबंधू मित्रांचे 'नीलदर्पण' हे नाटक आले. बंगालीत रंग, पीक आणि त्या पिकामागची जुलूमशाही ह्या तिन्हींना 'नील' हा एकच शब्द पुरतो. इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात त्याच्या जागी 'इंडिगो प्लँटिंग' असे दोन शब्द घालावे लागले : अनुवादात रंग गळाला, मळे तेवढे उरले. तो प्रसिद्ध केल्याबद्दल १८६१ साली रेव्हरंड जेम्स लाँग ह्यांना दंड आणि एक महिन्याची कैद झाली. एका रंगवाचक शब्दाच्या भाषांतरापायी कोणी तुरुंगात गेले, असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. पण फार अतिशयोक्त नव्हे. चंपारणातील दर विघ्यामागे तीन कठ्ठे नीळ लावण्याची सक्ती उठायला १९१८ साल उजाडावे लागले.

हे सारे मराठी कवितेतील प्रत्येक 'निळ्या'त शोधावे, असा आग्रह हास्यास्पद होईल. कवीला शब्दाचा इतिहास ठाऊक असण्याची गरज नसते. समीक्षकाला मात्र असते. कारण एका रंगाला एकच प्रतीकार्थ चिकटवून देण्याचे काम तोच करीत असतो. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन १९४२ साली स्थापन झाले, त्याचा झेंडा निळा होता. तेव्हापासून मराठीत 'निळे वादळ', 'निळे निशाण' हे शब्दप्रयोग एका समूहाचे स्वत्व सांगतात. ह्याही निळ्याचा उलगडा आकाशाच्या विशालतेने करण्याची रीत आहे, आणि चळवळीने स्वतःही तो तसा केला आहे. त्यात गैर काही नाही. परंतु दलित कवितेतील निळ्याला 'चिरंतन' म्हणून गौरवणारा समीक्षक त्या निळ्यातली तारीख पुसून टाकतो. काळ्यानिळ्या अंगाचा निळा, रांजणाचा निळा आणि झेंड्याचा निळा एकमेकांना ओळखत असतील अशी शक्यता तो विचारातच घेत नाही.

परिटाच्या पुडीतही पुढे वनस्पतीची नीळ राहिली नाही. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन तयार होऊ लागले आणि कपड्यांना द्यायच्या पुडीत बहुधा तेच येऊ लागले. गुळीचे झाड, हौद, घुसळणारे हात ह्यांतले काहीच त्या पुडीत नाही. गिऱ्हाईक दुकानात जाऊन मागत राहिले ती मात्र नीळच.