दूरची लढाई, गावचे स्टेशन

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एकाच्या नावाला बाजार जोडलेला, दुसऱ्याच्या नावाला रेल्वे. आम्ही रेल्वेवाले. लहानपणी या नावाचे आम्हांला कोण अप्रूप! गावाला देवाचे किंवा राजाचे नाव असावे हे ठीक. आमच्या गावाने आगगाडीलाच उपनाव करून घेतले होते. ही आगगाडी इथे का आली, हा प्रश्न मात्र आम्हांला फार उशिरा पडला.

एम. ए.ला असताना परीक्षेपूर्वीच्या सुट्टीत आम्ही 'गॉन विथ द विंड' वाचली. घरातली एक खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली होती. भाव चढेल या आशेने वडिलांनी तो विकला नव्हता. त्याच ढिगाला टेकून, अंगाला सुटलेली खाज खाजवीत, आम्ही जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यांचा नाश वाचत होतो आणि तो आम्हांला सर्वस्वी परका वाटत होता. पाठीला टोचणारी सरकी आणि पुस्तकातला मळा यांचे काही नाते असेल, अशी शंकाही मनाला शिवली नाही. वर्गातही कोणी तसे सुचवले नाही.

नाते होते. 1853 साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्या तोवर सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून घेत. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, गिरण्या बंद पडू लागल्या आणि इंग्रज व्यापाऱ्याची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे, त्यात वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. भाव कित्येक पटींनी चढले. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी शिरली. मुंबईत या पैशावर शेअर्सचा जुगार रंगला. 1865 च्या वसंतात लढाई संपली, भाव कोसळले आणि मुंबईतल्या अनेक पेढ्या बुडाल्या. आगगाडी नागपूरला पोचली ती 1867 साली! वरात निघून गेल्यावर मांडवात वाजंत्री यावी, तसे हे झाले.

पण रूळ एकदा पडले ते पडलेच. कापसाच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या, विलायती कापड उलट वाटेने येऊ लागले. कोष्ट्याचा माग थंडावला. घरी पिकणारे धान्य ही विकत घेण्याची वस्तू झाली. त्यासाठी सावकार, आणि सावकाराचे देणे फेडण्यासाठी पुन्हा कापूस. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसे किड्यामुंगीसारखी मेली. लक्ष्मण सत्या यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात वऱ्हाडातला कापूस आणि वऱ्हाडातला दुष्काळ यांची सांगड घातली आहे. आम्ही तो ग्रंथ वाचला तेव्हा आमच्या गावाचे नाव आम्हांला पहिल्यांदा जड वाटले.

याच युद्धाने मराठीत आणखीही एक वाट काढली. 1873 साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. म्हणजे एकाच लढाईच्या दोन खुणा आपल्याकडे उमटल्या: एक वऱ्हाडातल्या खातेवहीत, दुसरी पुण्यातल्या अर्पणपत्रिकेत. पहिली आमच्या पूर्वजांनी भोगली, दुसरी आम्ही अभ्यासली. दोन्ही शेजारी ठेवून मात्र वाचल्या नाहीत. तशा वाचल्या की एक अवघड गोष्ट समोर येते. तो भाव टिकावा असे वाटणे म्हणजे ती लढाई आणि ती गुलामी टिकावी असे वाटणे. आमच्या गावातल्या शेतकऱ्याला हे ठाऊक नव्हते, हा त्याचा दोष नव्हे. पण आम्हांला आता ठाऊक आहे, आणि म्हणून ती कादंबरी शिकवताना आम्ही स्टेशनापासून सुरुवात करतो.

वडिलांनी त्या वर्षीचा कापूस अखेर पडत्या भावाने विकला. भाव का पडला, हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. आमच्याकडे वेचणी सुरू होण्यापूर्वी वावरात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. मागणे पिकाचे असते. भावाचे मागणे कोणत्या देवाकडे मागावे, हे दीडशे वर्षांत आम्हांला उमगलेले नाही.