डावा पाय

देवाने माणसाला दोन पाय दिले, त्यांपैकी डावा नेमका कशासाठी दिला हे मला चाळिशी उलटेपर्यंत उमगले नव्हते. फुटबॉल मी कधी खेळलो नाही. शुभकार्याला निघताना पुढे टाकायचा तो उजवा. आणि बँकेत काउंटरखाली तर दोन्ही पाय सारखेच बेकार. डाव्या पायाचे प्रयोजन मला अखेर आमच्या ॲम्बॅसिडरने शिकवले, तेही साताऱ्याच्या पोवई नाक्यावर, मागे वडापची जीप कर्णा वाजवीत असताना.

गाडी १९७८ सालची, मार्क थ्री. मीही १९७८ सालचाच. अण्णांनी ती १९९१ साली एका डॉक्टरांकडून घेतली. माझी जन्मतारीख त्यांना अजून आईला विचारून सांगावी लागते, पण गाडीचा इंजिन नंबर तोंडपाठ. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी निघायची बंद झाली २०१४ साली. तेव्हा अण्णा दोन दिवस कमी जेवले होते.

तर त्या दिवशी नाक्यावर गिअर पडेना. पेडल दाबले तर ते तुपात बोट जावे तसे तळाला गेले, आणि दांडा ओढताच आतून 'कर्रर्र' असा आवाज आला. घाबरून दोन-तीनदा पेडल दाबले, तेव्हा कुठे पहिला गिअर पडला. तो पुन्हा काढायची माझी छाती झाली नाही. पहिल्या गिअरमध्येच, वरातीच्या घोड्याच्या चालीने, घरापर्यंत आलो.

क्लच म्हणजे काय, हे माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्यांसाठी सांगतो. इंजिन सारखे फिरत असते आणि चाकांना मधूनमधून थांबायचे असते. या दोघांनी एकमेकांचे हात धरलेले असतात. पेडल दाबले की हात सुटतात, सोडले की पुन्हा धरले जातात. आमच्या शाखेत साहेब आणि स्टाफ यांच्यामध्ये हेच काम हेडक्लार्क करतो, आणि तोही दाबल्याशिवाय हलत नाही.

गॅरेजवाल्याने गाडीला हातही न लावता निदान केले. "क्लचप्लेट गेली. प्रेशरप्लेट, बेअरिंग, सगळंच बदलू. गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल." त्याने लिहून दिलेला आकडा मी दोनदा वाचला. एवढ्या रकमेला आमच्याकडे दोन जामीन लागतात. रात्री सौ. म्हणाली, "अहो, भंगारवाल्याला एकदा विचारून तर बघा." मी 'बघू' म्हणालो. आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ 'हो' असा होतो, हे भिंतीपलीकडे झोपलेल्या अण्णांना चांगले ठाऊक होते.

अण्णांच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. व्यायाम शिकवायला एक मुलगी दिवसाआड येई. "आजोबा, गुडघा वाकवा," ती म्हणे. अण्णा भिंतीकडे तोंड करीत. गाडी चालवायची नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांनी एकूणच बोलणे कमी केले होते.

सकाळी मात्र खुर्चीतून आवाज आला. "पंप केल्यावर गिअर पडला ना?"

"हो."

"मग प्लेट नाही. प्लेट गेली की गाडी ओढत नाही. इंजिन नुसतं ओरडतं. हात घट्ट धरला जात नाही. तुझा हात सुटत नाहीये. तेलाची भानगड आहे. डबीत तेल किती आहे ते बघ."

डबी उघडली. तेल तळाला गेले होते. मग पोते अंथरून मी गाडीखाली शिरलो (माझ्या पोटाचा घेर लक्षात घेता हे एक वाक्य वाटते तेवढे सोपे नाही). गिअरबॉक्सच्या अलीकडे क्लचचा छोटा सिलिंडर असतो. त्याची रबरी टोपी सोलताच तेलाची धार चष्म्यावर आली. आतले रबर गेलेले. एवढ्याशा रबरापायी आम्ही अख्खी गाडी भंगारात घालायला निघालो होतो!

किट एका सहकाऱ्याने पुण्याहून, नाना पेठेतून आणले. अण्णा खुर्चीसह अंगणात सरकले. "सिलिंडर आतून बोट फिरवून बघ. ओरखडे असतील तर नवं रबर आठवडाभरसुद्धा टिकायचं नाही... आणि रॉकेलने धुशील तर याद राख, रबर फुगतं. ब्रेक ऑइलनेच धू." मी धुतले. धुताना थोडे मडगार्डवर सांडले, आणि ब्रेक ऑइल रंग खाते हे ज्ञानही मला त्याच दिवशी प्राप्त झाले. अण्णा त्या डागाविषयी काहीच बोलले नाहीत, हे फार वाईट लक्षण होते.

राहिली हवा काढायची. तिला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने खालून निपल सैल करायचे, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडले की निपल घट्ट करायचे, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. सौ. भाजी आणायला गेलेली. मी हाक मारावी की न मारावी या विचारात असतानाच दार उघडल्याचा आवाज आला आणि गाडी माझ्या डोक्यावर जराशी खचली. अण्णा सीटवर बसले होते.

"सांग," ते म्हणाले.

"दाबा!" मी खालून म्हणालो. "धरा... सोडा!"

आयुष्यात पहिल्यांदाच मी अण्णांना हुकूम सोडत होतो आणि ते ऐकत होते. विसाव्या खेपेला बुडबुडे थांबले. पण मध्येच डबीत तेल घालायचे मी विसरलो होतो. डबी कोरडी, नळीत पुन्हा हवा. कॉमर्सचा पदवीधर ओपनिंग बॅलन्स बघायला विसरला! "गाढवा," वरून आवाज आला, तीन महिन्यांनी, पूर्वीच्याच पट्टीत. पुन्हा पहिल्यापासून. दाबा, धरा, सोडा. पन्नाशीनंतर पेडल टणक लागू लागले.

अण्णांनी इंजिन चालू केले, क्लच दाबून दांडा ओढला आणि रिव्हर्स टाकला. कर्रर्र नाही की काही नाही. गाडी हातभर मागे आली, हातभर पुढे गेली. तेवढ्यात ती व्यायामवाली मुलगी फाटकातून आत आली.

"आजोबा, आज किती वेळा वाकवला गुडघा?"

"साठ," अण्णा स्टिअरिंगवरून म्हणाले.

तिने वहीत लिहून घेतले, आणि हाच व्यायाम रोज चालू ठेवायला सांगितले. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता अण्णा बंद गाडीत बसून साठ वेळा क्लच दाबतात. असेच चालले तर दिवाळीपर्यंत ते रबर जाईल. मी नाना पेठेतून आणखी दोन किट मागवून ठेवली आहेत.