नाताळच्या सुट्टीत दोघंच मुंबईला

लग्नाला २२ वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो. नाताळच्या सुट्टीत नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली. वाळकेश्वरच्या १९०४ साली बांधलेल्या बाबू अमीचंद पन्नालाल मंदिरात आदिनाथांचं दर्शन घेतलं. मन भरलं, पण डोक्यात संध्याकाळ होतीच. डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य मावळतो, आणि माझा चौविहार; मग पाणीसुद्धा नाही. हे काही पाळत नाहीत. मरीन ड्राइव्हचे दिवे बघत हॉटेलात जेवायचं, ही त्यांची कितीतरी वर्षांची हौस. मी म्हटलं, "तुम्ही जेवा, मी नुसती बसेन." ते बोलले नाहीत. पाच वाजता कट्ट्यावर बसून त्यांनीच डबा उघडला आणि खाकरे दोघांत वाटले. दिवे लागले तेव्हा आम्ही दोघंही जेवून मोकळे होतो.