पडेल ते दान

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने, त्यातून इतिहासाच्या प्राध्यापकाने, दर शनिवारी रात्री फासे घेऊन बसावे, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हे. फासे म्हटले की आपल्याला धर्मराज आठवतो, आणि धर्मराज आठवला की पुढचे सारेच आठवते. वास्तविक या बाबतीत आपले पूर्वज आपल्याइतके सोवळे नव्हते. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा हे नाव त्यांनीच दिले. आमच्या देवगाव रंगारीहून वेरूळ काही दूर नाही. तेथील २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात कोणीही पाहून यावे. प्रत्यक्ष शिवपार्वती सारीपाट मांडून बसली आहेत, आणि खाली गण नंदीच्या खोड्या काढीत आहेत.

परंतु आमचा खेळ सारीपाट नव्हे. त्यात पैज नाही, आणि मुख्य म्हणजे त्यात कोणी जिंकत नाही. पुतण्याने तो पुण्याच्या वसतिगृहातून आणला. चारपाच माणसे टेबलाभोवती बसतात व प्रत्येकजण एकेका पात्राचे सोंग घेतो. एकजण सूत्रधार होतो. तो सांगतो, ‘समोर बंद दार आहे, आतून कोणी कण्हते आहे, काय करता?’ आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. जे करणे अवघड, त्याचा निवाडा वीस बाजूंच्या फाशाने व्हावयाचा. सूत्रधार आधी एक आकडा बोलतो. तितके किंवा त्याहून मोठे दान पडले तर काम साधले, नाहीतर फसले.

या खेळाचे कूळ मोठे गमतीचे आहे. राइसविट्झ नावाच्या प्रशियन लष्करी अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर लढावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात लढणाऱ्या दोन बाजूंखेरीज निवाडा देणारा एक पंच असे. पुढे दीडशे वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने खेळ छापला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १,०००. त्यांनी फौजेऐवजी एकेका खेळाडूच्या हाती एकेक माणूस दिला, आणि पंचाचा सूत्रधार झाला. ही कल्पना तिकडे फार नवी वाटली म्हणतात. ज्यांच्या पैठणात एकनाथांनी भारुडातून जोशी, गोंधळी, आंधळा, मुका अशी नाना सोंगे घेतली, त्या आम्हां गोदाकाठच्या लोकांना तिचे इतके नवल वाटू नये. फरक एवढाच की, नाथांना आपल्या सोंगाचा शेवट कोठे न्यावयाचा हे पक्के ठाऊक होते. आमच्या सूत्रधाराला ते ठाऊक नसते.

आणि नेमके हेच मला जड गेले. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी वर्गात सांगण्यावर माझी पंचवीसतीस वर्षे गेली आहेत. पानिपतावर काय होणार हे सदाशिवरावभाऊंना ठाऊक नव्हते, पण मला असते. आणि त्या जोरावर मी त्यांच्या चुका फळ्यावर क्रमवार लिहितो. हा इतिहासकाराचा शहाणपणा तसा फुकटचाच.

आमच्या मंडळात पुतण्या आहे, औषधांच्या दुकानाचे मालक आहेत, प्राथमिक शाळेतील एक बाई आहेत आणि कांदा-कापूस पिकवणारा एक तरुण शेतकरी आहे. परदेशी पुस्तकातील अजगर आणि जादूगार यांत ही मंडळी काही रमेनात. म्हणून मी १२९६ चा देवगिरी मांडला. अल्लाउद्दीन चालून आला आहे, राजपुत्र शंकरदेव फौजेनिशी दूर आहे, आणि रामदेवराव घाईघाईने किल्ल्यात शिरला आहे. सुमारे तीनशे वर्षांनी लिहिणारा फिरिश्ता सांगतो की, कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी टाकलेल्या गोणी धान्याच्या समजून लोकांनी गडावर नेल्या, आणि वेढा पडल्यावर त्यांत मीठ निघाले. दौलताबाद पाहावयास गेलेल्या प्रत्येकाने ही कथा ऐकलेली असते.

आमच्या खेळात शेतकऱ्याने कोठावळ्याचे सोंग घेतले होते. गोणी गडावर चढू लागताच दुकानदार उसळून म्हणाले, “अहो, फोडून पाहा की एखादी! मीठ आहे त्यात. शाळेतल्या पोराला ठाऊक आहे.”

बाई म्हणाल्या, “पोराला ठाऊक आहे. कोठावळ्याला कुठे ठाऊक आहे?”

यावर अर्धा तास वाद झाला. हा या खेळातील जुना आणि खरा पेच आहे. खेळणाराला जे कळते ते पात्राला कळत नाही, आणि सोंग प्रामाणिकपणे घ्यावयाचे तर आपले ज्ञान दाराबाहेर ठेवावे लागते. शेतकरी गप्प होता. त्याचा चाळीत साठवलेला कांदा यंदा आतून सडला. वरचा थर चांगला दिसत होता. लासूरच्या बाजाराला न्यावयास चाळ उपसली तेव्हा कळले. हे आम्हां सर्वांना माहीत होते, आणि कोणी बोलत नव्हते.

शेवटी तो म्हणाला, “कोठावळ्याला मीठ माहीत नाही, सर. पण त्याला सवय असेल. गोण आली की हात घालून बघायची. किती पडायला पाहिजे?”

येथे सूत्रधाराची सत्ता अनियंत्रित असते. तो बोलेल त्या आकड्यावर अपील नाही. मी आठ म्हटले असते तरी कोणी कारण विचारले नसते, आणि आठ म्हणावे असे मला फार वाटले. एका तरी कोठारात या माणसाचा हात वेळेवर पोहोचावा! पण अंधार, मशाली, खालून येणारा गलबला, राजाची घाई, हे सारे मीच तासभर वर्णन केले होते. दयेपोटी आकडा उतरवला असता तर त्याच्या पायाखालचा किल्लाच मी काढून घेतला असता, आणि हे त्याला तत्काळ समजले असते. मी सोळा म्हणालो.

चार पडले.

फेरदान देणारा कोणता तरी नियम पुतण्या पुस्तकात शोधू लागला. शेतकऱ्याने त्याच्या हातावर हात ठेवला. “पडलं ते पडलं. पुढं?”

पुढे गोणी उघडल्या आणि मीठ निघाले. दुकानदारांनी कपाळाला हात लावला. ठाऊक असूनही लावला. राजाला ही बातमी कोण देणार, असे मी विचारले. “कोठावळाच देणार की,” तो म्हणाला, आणि खुर्ची सरकवून उभा राहिला. वर्षभरात या माणसाने चार वाक्यांपलीकडे भाषण केले नव्हते. तो रामदेवरावापुढे, म्हणजे मजपुढे, पाच मिनिटे बोलला. त्यात सबब नव्हती. खरे धान्य किती उरले, पहिल्याने कोणाला द्यावे, तटावरच्या माणसांचे माप केवढे आणि पोरांचे केवढे, हे त्याने कागदावर आकडे मांडून सांगितले. मग राजाच्या उत्तराची वाट पाहत उभा राहिला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. उत्तर पुढच्या शनिवारवर टाकून आम्ही उठलो.

रामदेवरावाने तह केला आणि जबर खंडणी दिली, हे ग्रंथांत आहे. आपल्या कोठावळ्याला तो काय म्हणाला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही; ते मला शनिवारपर्यंत ठरवावयाचे आहे. बुधवारी वर्गावर निघालो असता शेतकऱ्याचा फोन आला. कांद्याचे काही असेल असे वाटले. तो म्हणाला, “सर, गडावर गुरं किती धरायची? चाऱ्याचा हिशोब राहिलाय.”