प्रोसेस गेल्यावर मागचं आवरायचं कुणी?

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला आमच्या येरमाळ्यात लाखांनी माणसं येतात. दुसऱ्या दिवशी येडेश्वरीची पालखी चुन्याच्या रानात येते, भाविक चुनखडी वेचतात आणि पालखी आमराईकडे निघते. 'आई राजा उदो उदो'चा गजर पूर्वीसारखाच आहे, फक्त आता निम्मे हात मोबाईल धरून वर असतात. नारळ-कुंकवाच्या दुकानात गल्ल्याशेजारी क्यूआर कोड टांगलेला असतो. दुकानदाराचा फोन बहुधा तीन-चार जीबी रॅमचा. त्यावर पैसे आल्याची खबर देणारं ॲप, व्हॉट्सॲप, पोरानं लावून ठेवलेलं यूट्यूब आणि मध्येच उघडलेला कॅमेरा. हे सगळं एका वेळी त्या रॅममध्ये मावत नाही. मग अँड्रॉइड मागे पडलेलं एखादं ॲप निवडतो, त्याला ठार करतो आणि समोरच्याला जागा करून देतो. दुकानदाराला पत्ताही लागत नाही.

माझं काम त्याच्या पुढच्या क्षणाशी आहे. मी लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हर लिहितो. कर्नल म्हणजे फोनच्या किंवा सर्व्हरच्या हार्डवेअरवर थेट सत्ता असलेला, सगळ्यात खालचा प्रोग्रॅम. प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल असतो. पुण्यात फाइल सिस्टिम, स्टोरेज अशी कर्नलच्या पोटातली कामं नव्वदच्या दशकापासून चालत आली आहेत, आणि मराठवाड्यातली बरीच मुलं या कामात आहेत. तरीही ॲप मेल्यावर त्याच्या नावानं कर्नलमध्ये साठलेल्या मेमरीचं काय होतं, हा प्रश्न आमच्यातही शेवटी विचारला जातो. मला तो पहिला प्रश्न वाटतो.

ॲप ठार होतं म्हणजे काय, ते आधी पाहू. अँड्रॉइडमध्ये 'एलएमकेडी' नावाची एक सेवा रॅमवर नजर ठेवून असते. रॅम कमी पडली की ती सगळ्यात कमी गरजेच्या प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, 'सिग-किल' हा सिग्नल धाडते. हा सिग्नल अडवता येत नाही आणि टाळताही येत नाही. ॲपच्या कोडची एक ओळसुद्धा त्यानंतर चालत नाही. 'बंद होण्याआधी मी माझं सगळं आवरेन' असं ॲप लिहिणाऱ्यानं कितीही प्रामाणिकपणे लिहिलेलं असो, त्या कोडला पाळीच मिळत नाही. म्हणून आवरण्याची जबाबदारी मरणाऱ्यावर टाकून चालत नाही. ती कर्नलनंच उचलायची असते.

प्रोसेसची स्वतःची मेमरी परत मिळवणं कर्नलला सोपं जातं. कुठलं पान कुणाच्या पत्त्याखाली आहे याची नोंद त्याच्याकडे असतेच. प्रोसेस गेली की ती नोंद चाळायची आणि पानं मोकळी करायची. खरी अडचण असते ती प्रोसेसच्या वतीनं कर्नलनं स्वतःच्या हद्दीत घेतलेल्या मेमरीची. यात्रेतलं दुकान डोळ्यांसमोर आणा. समजा, दुकानदार रात्रीत पाल गुंडाळून निघून गेला. त्याची जागा रिकामी झालेली सकाळी सगळ्यांना दिसते. पण त्याच्यासाठी खांबावरून ओढलेली वायर तशीच लोंबत राहते, आणि ती कुणासाठी ओढली होती हे वायरमननं लिहून ठेवलं नसेल तर ती पुढच्या यात्रेपर्यंत तिथेच राहते. ड्रायव्हरनं 'के-मॅलॉक' करून घेतलेली मेमरी या वायरीसारखी असते. तिच्यावर मालकाचं नाव नसतं. ती ड्रायव्हरनंच सोडावी लागते, नाहीतर मशीन रीबूट होईपर्यंत ती गेलीच म्हणायची.

मग ड्रायव्हरला कळायचं कसं की प्रोसेस मेली?

नव्यानं कर्नलमध्ये आलेला प्रोग्रॅमर हमखास एक रस्ता धरतो. प्रोसेसचा नंबर, म्हणजे पीआयडी, घ्यायचा. त्या नंबराखाली एका यादीत तिची मेमरी लिहून ठेवायची. आणि प्रोसेस मेल्याची वर्दी देणारं काही सापडतं का ते शोधायचं. अशी एक यादी मी एका ग्राहकाच्या सर्व्हरवर जवळून पाहिली. मशीन महिनोन्‌महिने चालू असायचं आणि दर आठवड्याला थोडं जड होत जायचं. 'टॉप'मध्ये बघावं तर एकही प्रोसेस जास्त मेमरी खाताना दिसत नव्हती. 'प्रॉक'मधल्या 'मेमइन्फो' फाइलीत 'एस-अनरिक्लेम' नावाची ओळ असते. परत न मिळवता येणारी कर्नलची मेमरी त्या ओळीत दिसते. ती ओळ तेवढी चढत होती, खाली येतच नव्हती. 'स्लॅबटॉप' लावून पाहिलं तर एकाच मापाचे तुकडे लाखांच्या घरात जमलेले. प्रोसेस नीट बंद झाली की ड्रायव्हर तिचा तुकडा सोडत होता. क्रॅश झालेल्या किंवा 'किल' केलेल्या प्रोसेसचे तुकडे मात्र यादीत पडून होते. त्याहून वाईट म्हणजे पीआयडी पुन्हा वापरले जातात. मेलेल्या प्रोसेसचा नंबर नव्या प्रोसेसला मिळाला की यादीतला जुना तुकडा तिच्या गळ्यात पडायचा. एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती जाण्याचा हा राजमार्ग आहे.

बरोबर रस्ता युनिक्सच्या मूळ रचनेतच आहे. प्रोसेसनं ड्रायव्हरशी बोलायला डिव्हाइस उघडलं की कर्नल एक 'स्ट्रक्ट फाइल' तयार करतो. त्यात 'प्रायव्हेट डेटा' नावाचा एक पॉइंटर ड्रायव्हरसाठीच राखून ठेवलेला असतो. त्या प्रोसेससाठी जे काही घ्यायचं ते तिथे टांगावं. प्रोसेस कशीही मेली, शहाण्यासारखी 'एक्झिट' म्हणून गेली, क्रॅश झाली की 'सिग-किल'नं गेली, तरी कर्नल तिच्या सगळ्या उघड्या फाइली स्वतः बंद करतो आणि शेवटचा धागा सुटला की ड्रायव्हरचं 'रिलीज' फंक्शन बोलावतो. वेगळी वर्दी शोधायची गरजच उरत नाही.

पण 'रिलीज' म्हणजे 'प्रोसेस मेली' असं समजण्यातही धोका आहे. 'फोर्क' झालं, म्हणजे प्रोसेसनं स्वतःचीच प्रत असलेली पोर-प्रोसेस काढली, की पोराकडेही तीच फाइल असते. आई मेली तरी पोर जिवंत असेपर्यंत 'रिलीज' येत नाही. 'एम-मॅप' केलेली मेमरीसुद्धा फाइलीचा धागा धरून ठेवते. युनिक्स सॉकेटवरून उघडी फाइल दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवताही येते, म्हणजे जिनं उघडली तिचा मागमूस नसताना भलतीच प्रोसेस ती बंद करू शकते. तेव्हा 'रिलीज'मध्ये 'आत्ता कोण चालू आहे' असं विचारून मालक ठरवणं चुकीचं. मालक 'प्रायव्हेट डेटा'त लिहिलेला असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत सहसा नीट सांगितलेली नसते. कर्नलच्या 'डू-एक्झिट' फंक्शनमध्ये कामांचा क्रम ठरलेला आहे. आधी 'एक्झिट-एमएम', म्हणजे प्रोसेस आपल्या मेमरीचा हात सोडते, त्यानंतर 'एक्झिट-फाइल्स'. ड्रायव्हरची पाळी येते तेव्हा त्या प्रोसेसचा पत्त्यांचा नकाशा आधीच गेलेला असतो. त्यामुळे 'जाता जाता शेवटचा निकाल ॲपच्या बफरमध्ये लिहून देऊ' ही कल्पना 'रिलीज'मध्ये चालत नाही. लिहायला पलीकडे कुणी नसतं. शिवाय 'रिलीज'नं परत दिलेला एरर कर्नल वाचतच नाही. आवरायला नकार देण्याची सोय तिथे नाही.

सगळ्यात नाजूक प्रसंग हार्डवेअरचा. समजा, ॲपनं कॅमेऱ्याला किंवा नेटवर्क कार्डला सांगितलं, 'या बफरमध्ये डेटा टाक'. ड्रायव्हरनं ती पानं जागेवर खिळवून ठेवली आणि डीएमए, म्हणजे डिव्हाइसनं थेट मेमरीत लिहिणं, सुरू झालं. तेवढ्यात ॲप मेलं. डिव्हाइसला हे कुणी सांगितलेलं नसतं. ते आपलं लिहितच असतं. आता घाईनं बफर सोडला आणि ती पानं दुसऱ्या कुणाला मिळाली, तर डिव्हाइस त्या दुसऱ्याच्या मेमरीवर लिहील. म्हणून आधी नवं काम घेणं थांबवायचं. मग डिव्हाइसला थांबवून ते खरोखर थांबल्याची खात्री करायची. मागे राहिलेले टायमर आणि वर्कक्यूतली कामं रद्द करायची, चालू असतील तर संपेपर्यंत वाट पाहायची. सामाईक याद्यांमधून स्वतःचं नाव लॉक घेऊन काढायचं. कुणी लॉक न घेता ती यादी वाचत असेल तर त्याचं वाचन संपू द्यायचं. त्यासाठी आरसीयू नावाची व्यवस्था २००२ पासून लिनक्समध्ये आहे, आणि पॉल मॅकेनी यांच्यासोबत ती लिनक्समध्ये आणणाऱ्यांत आयबीएमचे दीपंकर सरमा होते. मग खिळवलेली पानं सोडायची, आणि सगळ्यात शेवटी आपला तुकडा. खिळवलेली पानं सोडायला विसरलात तर प्रोसेसची स्वतःची मेमरीसुद्धा परत येत नाही.

आवराआवर उशिरा झाली तर मेमरी गळते. लवकर झाली तर त्याहून मोठा अनर्थ होतो, आणि तो अँड्रॉइड फोनांमध्येच होऊन गेला आहे.

अँड्रॉइडमधली ॲपं एकमेकांशी 'बाइंडर' नावाच्या कर्नल ड्रायव्हरमार्फत बोलतात. बाइंडर उघडणाऱ्या प्रत्येक प्रोसेससाठी कर्नलमध्ये एक खासगी रचना तयार होते आणि ती अगदी शिस्तीत 'प्रायव्हेट डेटा'त टांगलेली असते. प्रोसेस मेली की बाइंडर तिचे थ्रेड, तिचे संदर्भ, तिचे बफर आवरतो आणि ज्यांनी मागणी नोंदवली आहे त्यांना तिच्या मृत्यूची खबरही देतो. रचना चांगली आहे. भोक एका कोपऱ्यात होतं. थ्रेडच्या रचनेच्या आतच वाट पाहणाऱ्यांची एक रांग असते. थ्रेडवर 'ई-पोल', म्हणजे काही घडलं की कळवणारी कर्नलची सोय, लावलं की 'ई-पोल' त्या रांगेचा पत्ता स्वतःकडे लिहून ठेवतं. थ्रेडनं 'मी चाललो' असं बाइंडरला सांगितलं की बाइंडर त्याची मेमरी सोडून द्यायचा, पण 'ई-पोल'कडचा पत्ता पुसायचा नाही. पुढे प्रोसेस संपायची, 'ई-पोल' आपलं आवरायला निघायचं आणि सोडून दिलेल्या मेमरीवर लिहायचं. आवरणारे दोघे आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. हल्लेखोराला या जोरावर अख्ख्या कर्नलचा ताबा मिळत होता.

गूगलच्या सिझकॉलर या तपासणी साधनाला हा दोष २०१७ मध्ये सापडला. फेब्रुवारी २०१८ मध्ये कर्नलमध्ये दुरुस्ती झाली. पण ती अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा यादीत आली नाही, त्यामुळे विकले गेलेले असंख्य फोन तसेच राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलच्याच प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटाच्या मॅडी स्टोन यांनी तो पुन्हा पुढे आणला, तेव्हा त्याचा प्रत्यक्ष गैरवापर चालू असल्याची माहिती त्यांच्या हाती होती. ऑक्टोबर २०१९ च्या अपडेटमध्ये दुरुस्ती आली. सीव्हीई-२०१९-२२१५ हा त्याचा नोंदणी क्रमांक. बाधित म्हणून दिलेल्या फोनांत पिक्सेल २ आणि सॅमसंगच्या एस मालिकेतले महागडे फोन होते, तसाच रेडमी ५ए होता. आपल्याकडे खेड्यापाड्यांत अनेकांच्या हातात पहिला स्मार्टफोन म्हणून आला, तोच.

यानंतर कर्नलवाल्यांनी काही केलं नाही असं नाही, आणि आधीही करत होतेच. २००९ पासून कर्नलमध्ये 'के-मेमलीक' आहे. कुठूनही पत्ता सापडत नाही असे तुकडे ते शोधून दाखवतं. जानेवारी २०१६ मध्ये प्रोसेसच्या 'सेशन की-रिंग'मधला दोष उघड झाला. तिथे एका चुकीच्या वाटेवर मोजणीचा आकडा वाढायचा आणि कमी व्हायचा नाही. तीच वाट पुन्हा पुन्हा चालून तो ३२ बिटांचा आकडा फिरवून शून्यावर आणता येत होता, आणि शून्य झालं की वापरात असलेली मेमरी सुटायची. २०१७ मध्ये आलेला 'रेफकाउंट-टी' हा मोजणीचा प्रकार आकडा असा फिरूच देत नाही. कमाल मर्यादेशी तो तिथेच थांबतो. थोडी मेमरी गळाली तरी चालेल, पण ताबा जाऊ द्यायचा नाही, हा निर्णय मला पूर्ण पटतो.

मरायला वेळ लावणाऱ्या प्रोसेसची मेमरी काढून घेणारा 'ऊम रीपर' २०१६ मध्ये आला, आणि एलएमकेडीसारख्या सेवांना तेच काम स्वतः करून घेता यावं म्हणून २०२१ मध्ये 'प्रोसेस एम-रिलीज' हा सिस्टिम कॉल आला. दोन्हींना हात घालता येतो तो प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीला. ड्रायव्हरनं तिच्या नावानं घेतलेल्या तुकड्यांपर्यंत ते पोचत नाहीत. तिथे आजही ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या हातातला कोडच काम करतो.

धाराशिव, तुळजापूर, बार्शी, लातूर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींना माझं एक सांगणं आहे. लिनक्सचा सोर्स कोड फुकट मिळतो. त्यातली 'एक्झिट डॉट सी' ही फाइल उघडा आणि 'डू-एक्झिट' वरपासून खालपर्यंत वाचा. मग एक छोटा ड्रायव्हर लिहा. त्यात 'ओपन'च्या आधी 'रिलीज' लिहा आणि डिव्हाइस उघडं असतानाच प्रोसेसला 'किल मायनस नाइन' करून 'स्लॅबटॉप' बघा. मुलाखतीला मी उमेदवाराला हेच करायला लावतो.

आणि ज्यांचा कोडशी काही संबंध नाही त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख बघावी. नवं अपडेट आलेलं असेल तर आजच घ्यावं. तारीख वर्षाहून जुनी असेल आणि कंपनी पुढचं अपडेट देत नसेल, तर त्या फोनवर गाणी ऐका, फोटो काढा, पण दुकानाचा क्यूआर आणि बँकेचं खातं त्याच्यावर ठेवू नका.